ज्याने भोगलं, त्यालाच विचारा

भाईंदर सोडून लोकल खाडीच्या पुलाकडे निघाली की मिठागरे दिसतात. उन्हाने पाणी आटते, मीठ उरते. आपल्या ठाणे-पालघरच्या शेतकऱ्याला हे काही नव्याने सांगायला नको. पण मिठाचाच एक लांबचा भाऊबंद मनाच्या एका आजारावर औषध म्हणून देतात, आणि ते औषध चालू असलेल्या माणसाने शेतात घाम गाळताना काय जपायचे, हे किती जणांना ठाऊक आहे? डॉक्टर सांगत नाहीत असे नाही. पण त्यांच्या दाराशी पन्नास माणसे खोळंबलेली असतात. ही गोष्ट सावकाश, पुन्हा पुन्हा सांगतो तो त्याच आजारातून गेलेला दुसरा माणूस. आज त्या दुसऱ्या माणसाविषयी लिहायचे आहे.

समजा, तुमच्याच गावातला एक कष्टाळू गडी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला एकाएकी हुरूप येतो. रात्री दोन तास झोपतो, तरी सकाळी ताजातवाना. ओळख ना देख अशा माणसांना उसने पैसे देतो, गरज नसताना ट्रॅक्टरचा इसार देऊन येतो, ग्रामसभेत तासभर बोलतो आणि कोणी अडवले की अंगावर जातो. दोन महिन्यांनी तोच गडी लावणी अर्धी टाकून भिंतीकडे तोंड करून पडतो. जेवण नाही, बोलणे नाही, आंघोळीलासुद्धा उठवत नाही. गाव काय म्हणते? पहिल्या वेळी "पैसा चढलाय", दुसऱ्या वेळी "सोंग करतोय", नाहीतर "कोणीतरी केलंय". मग भगत, कोंबडा, लिंबू. इसार बुडतो, जनावरे विकली जातात, आणि आजार तिथेच.

याला बायपोलर किंवा द्विध्रुवी आजार म्हणतात. नुसताच खालचा टप्पा असेल तर ते नैराश्य, म्हणजे डिप्रेशन. दोन्ही मनःस्थितीचे आजार आहेत आणि दोन्हींवर उपचार आहेत. मधुमेहासारखेच हे आजार बहुतेकांना लांब पल्ल्यापर्यंत सांभाळावे लागतात.

घोळ होतो तो असा. माणूस पडून राहिला की घरचे त्याला दवाखान्यात नेतात; चढलेला असताना कोण नेतो? तेव्हा त्याला स्वतःला तर फारच बरे वाटत असते. त्यामुळे ते दिवस डॉक्टरांच्या कानावर जातच नाहीत. मग नुसत्या उदासीची गोळी सुरू होते, आणि बायपोलरमध्ये ती एकटी दिली तर काही जणांना पुन्हा वर चढवू शकते. सोबत बसलेला जुना रुग्ण पहिल्यांदा हेच विचारतो, "बाबा, त्याआधी कधी न झोपता हिंडला होतास का?" हा प्रश्न त्याला पुस्तकाने शिकवलेला नसतो.

असे एकमेकांजवळ बसणे आपल्याकडे अगदीच परके नाही. दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका तुम्ही तालुक्याच्या गावी पाहिल्या असतील. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने ग्रासलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ते सुरू झाले. मनोविकारांच्या बाबतीत आपल्या मराठी मुलखात वाट पाडली ती मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. ते कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाने जे शिकवले, त्यातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 'देवराई' हा २००४ चा चित्रपट आला तोही त्यांच्याच पुढाकाराने. तो आजार वेगळा, पण रुग्ण आणि नातेवाईक यांनी एकत्र बसायचे, ही रीत तीच. ठाण्यातही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे.

बायपोलरचा खास गट म्हणजे बायपोलर इंडिया. मुंबईच्या विजय नल्लावाला यांनी तो स्वतःच्या आजाराच्या अनुभवातून उभा केला. प्रत्यक्ष भेटी मुंबईत आणि बाकीचे बोलणे फोनवर, त्यामुळे लांबची माणसेही त्यात येतात.

फोनवरच्या सोबतीची किंमत कळायला मीरा-भाईंदरच पाहा. राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन ही जुनी गावे. भातशेती, मिठागर, मासेमारी यांवर पोट. २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. आता जुन्या गावठाणात बोलायची चोरी, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. मुलीचे लग्न अडेल ही भीती. आणि मीरा रोडच्या इमारतीत शेजारच्या दाराआड कोण राहतो तेच ठाऊक नाही, तर बोलणार कोणाशी? दोन्हीकडचा माणूस रात्री एक वाजता जागा असतो. त्याला तिसऱ्याच गावचा, आपले नाव-गाव न विचारणारा, पण आपले दुखणे ओळखणारा माणूस फोनवर भेटला तर तो पहिल्यांदा तोंड उघडतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरच्या माणसालाही हे लागू आहे, तिथे रेंज मिळाली तर!

आता त्या मिठाकडे वळू. लिथियम नावाच्या धातूचा क्षार असलेली गोळी बायपोलरवर देतात. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी तिचा गुण जगापुढे मांडला आणि आजही ती मोलाची आहे. मात्र तिचे रक्तातले प्रमाण बेताचेच लागते. कमी पडले तर गुण नाही, जास्त झाले तर विषबाधा. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. भर उन्हात घाम गेला, पाणी कमी पडले, जुलाब-उलट्या झाल्या की हे प्रमाण वाढू शकते. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून खाल्ले तरी वाढू शकते. कोणी रक्तदाबासाठी मीठ एकदम तोडायला सांगितले तर तेही मनोविकारतज्ज्ञाला कळवायला हवे. हाताची थरथर वाढली, चाल डगमगू लागली, जीभ जड झाली, उलट्या सुरू झाल्या तर उद्यावर टाकायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कापणीला जाताना पाण्याचा कॅन न्यायचा, ही साधी गोष्ट गटातला जुना माणूस दहा वेळा बजावतो. आणि "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडू नको, हेही तोच सांगतो, कारण बहुधा त्याने ती एकदा सोडलेली असते.

पण सगळेच गट सरळ असतात असे समजू नका. गट म्हणजे डॉक्टर नव्हे. "माझी गोळी घेऊन बघ" म्हणणारा, दुसऱ्याचा मजकूर बाहेर पाठवणारा, काढे-कडी विकणारा जिथे मोकाट आहे तिथून सरळ निघावे. गटावर लक्ष ठेवणारा जाणता माणूस हवा. एखाद्याने जीव नकोसा झाल्याचे लिहिले तर खाली हात जोडल्याची चित्रे टाकून भागत नाही. त्याच्या घरचे किंवा जवळचे माणूस ताबडतोब त्याच्यापाशी पोहोचले पाहिजे. त्या दिवसांत त्याला एकटे सोडू नये आणि फवारणीची औषधे घरात हाताशी ठेवू नयेत, दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात द्यावीत.

गावपातळीवर काय होऊ शकते, हे अमरावती जिल्ह्याने दाखवले आहे. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातलेच कार्यकर्ते शिकवून घरोघरी पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाऊण वाटा तरीही बाहेरच राहिला, हे खरे. पण सुरुवात कुठून झाली तेही पाहा.

पोलीस पाटील आणि सरपंच मंडळींसाठी थोडे कायद्याचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस, विरुद्ध सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होता असे धरायचे. त्याच्यावर खटला भरायचा नाही, उलट त्याची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत जुने ३०९ कलम त्या रूपात उरलेले नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी असा प्रयत्न केला तर मात्र गुन्हा आहे. म्हणून "केस होईल" या धाकाने कोणी घरातच लपवून ठेवत असेल तर त्याला हे सांगा. आरोग्य विम्यातही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरावे, असे तोच कायदा म्हणतो. आजार दीर्घ आणि गंभीर असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकते. ग्रामसेवकाने तो अर्ज भरायला मदत करावी.

केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक पंचायतीच्या फलकावर, दूध डेअरीत, सोसायटीच्या भिंतीवर ठळक लिहा. मात्र गावातल्या कोणाला आजार आहे याची चर्चा ग्रामसभेत नको. आशाताईने एखाद्या घरी जायचे तर ती नेहमीसारखी रक्तदाब बघायलाच जाऊ दे.