सवाईला एक दिवस

डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो. आमच्या पुनावळ्याच्या गटात विषय निघाला तर एक जण म्हणाली, "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" मीही तेच म्हणायचे.

पण भजनात टाळ धरलाय ना? मग सम कळतेच. मोठा ख्याल बहुतेक वेळा एकतालात असतो, 12 मात्रांचा. गाणारा मधे कुठंही फिरून आला तरी पहिल्या मात्रेवर नेमका पोचतो. तीच सम. त्या क्षणी सगळा मांडव मान डोलावतो, आपलीही मान आपोआप डोलते. सुरुवातीचा आलाप मात्र फार संथ असतो. एकेक सूर घोळवत गातात. पहिला अर्धा तास कंटाळा आला तरी उठू नका.

भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. त्याच गुरूंकडे गंगूबाई हनगल शिकल्या. हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला जायच्या. बाई गाणं शिकते म्हणून लोक टोमणे मारायचे, तरी त्यांनी जाणं सोडलं नाही.

जायचं कसं? पिंपरीपर्यंत बस नाहीतर रिक्षा, तिथून मेट्रोनं स्वारगेट. पुढं मुकुंदनगर जवळच. तिकीट भारतीय बैठकीचं काढा, ते स्वस्त पडतं. बसायला जाड सतरंजी आणि रात्रीच्या गारठ्याला शाल घ्या. भाकरी सकाळीच थापून ठेवा, कालवण घरातला कुणीही गरम करेल. आणि परतीची गाडी आधीच विचारून ठेवा.