शंभर ग्रॅम तांदळाची करामत

पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. एवढ्याशा शिध्यावर जगातल्या सर्वांत मोठ्या शालेय भोजन योजनांपैकी एक योजना चालते. २०२१ मध्ये केंद्राने तिला ‘पीएम पोषण’ हे नाव दिले, तेव्हा देशातल्या सुमारे ११ लाख २० हजार शाळांमधली ११ कोटी ८० लाख मुले तिच्यात होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा तालुक्यात, वारणा खोऱ्यात वसलेल्या कोडोलीत जिल्हा परिषद शाळेची मुले दुपारी पंगतीला बसतात, ती याच योजनेमुळे.

पोटाचा प्रश्न कोल्हापूरला जुनाच

पोटाची सोय झाल्याशिवाय गरिबाचे पोर शिकत नाही, हे या जिल्ह्याने फार लवकर ओळखले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी करायला सुरुवात केली होती. याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे चालवली. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

सरकारी शाळेतल्या मुलांच्या अन्नासाठी देशपातळीवर योजना यायला मात्र १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला. त्या दिवशी सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत बहुतेक राज्यांत मुलाला शिजवलेले अन्न मिळत नव्हते. शाळेतली हजेरी भरली की महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळे. घरी गेलेले धान्य साऱ्या कुटुंबाच्या हंड्यात शिजे आणि मुलाच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की धान्य नको, शाळेतच शिजवलेले जेवण द्या; त्यात किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत आणि ते वर्षातले किमान २०० दिवस मिळावे. बहुतेक शाळांच्या आवारात चुली पेटल्या त्या या आदेशानंतर.

ताटातले गणित

सध्याच्या निकषानुसार पाचवीपर्यंतच्या मुलाला एका जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. हिशेब सोपा आहे. शंभर ग्रॅम तांदळातून साधारण ३४५, वीस ग्रॅम डाळीतून ७० आणि पाच ग्रॅम तेलातून ४५ उष्मांक मिळतात. भाजी धरायच्या आधीच उष्मांकांचा निकष पुरा होतो.

त्याहून मोठी करामत प्रथिनांची. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळीत मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरे भरून काढते. म्हणून मुगाची खिचडी किंवा भात-आमटी हे गरिबाचे असले तरी शास्त्रशुद्ध जेवण आहे. मटकी रात्री भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की तिच्यातले क जीवनसत्त्व वाढते आणि लोह अंगी लागायला मदत होते.

सकाळची हजेरी झाली की शिधा मोजला जातो. पाचवीपर्यंतची ८० मुले हजर असतील, तर ८ किलो तांदूळ, १ किलो ६०० ग्रॅम डाळ, ४ किलो भाजी आणि ४०० ग्रॅम तेल. तांदूळ निवडायचा, भाजी धुऊन चिरायची, मोहरी-जिऱ्याची फोडणी द्यायची आणि सुट्टीची घंटा होण्याआधी पातेले उतरवायचे. २६ ते १०० मुलांमागे दोन स्वयंपाकी-मदतनीस असा नियम आहे, म्हणजे एवढा पसारा दोन बायका आवरतात. वाढण्याआधी शिक्षक चव घेतात आणि तशी नोंद वहीत करतात.

दोन पिढ्यांचे फळ

या जेवणाचा सर्वांत थक्क करणारा परिणाम २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संशोधकांनी देशभरातली १९९३ ते २०१६ या काळातली माहिती तपासली. ज्या मुलींना शाळेत असताना हे जेवण मिळण्याची शक्यता अधिक होती, त्या आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक भरली. मुलींचे शिक्षण लांबले, पहिले बाळंतपण उशिरा झाले आणि दवाखान्याचा आधार वाढला, हे त्यामागचे दुवे. म्हणजे आज कोडोलीच्या शाळेत जेवणारी मुलगी उद्याच्या आपल्या बाळाचीही बेगमी करत असते.

हे सारे ज्यांच्या हातून घडते, त्या स्वयंपाकी बायकांचे मानधन राज्यात २०२३ मध्ये वाढवल्यानंतरही महिन्याला २,५०० रुपयेच होते. ते त्यांच्या कामाच्या मोलाचे झाले पाहिजे. गावालाही बरेच करता येते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या पालकांनी आठवड्यातून एकदा तरी पंगतीत बसून तेच अन्न चाखावे, चवीची वही उघडून पाहावी. ऊस, दूध आणि भाजीपाल्याने भरलेल्या वारणा खोऱ्यातल्या शेतकऱ्याने मेथीच्या चार जुड्या शाळेत पोहोचवाव्यात, शाळेच्या परसबागेला पाणी द्यावे. सरकारने १०० ग्रॅम तांदूळ दिला आहे; ताट सकस करणे गावाच्या हातात आहे.