पांढरी साडी नसेल तर मागे बसायचं का? शुभ्र वस्त्रांचा इतिहास आणि आपली जबाबदारी

धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, बुद्ध पौर्णिमा असो, वर्षावासातलं ग्रंथवाचन असो की मंगल परिणय, आपल्या पत्रिकांवर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ हमखास असते. ‘सर्वांनी शुभ्र वस्त्र परिधान करून उपस्थित राहावे.’ अलीकडे तरुण मुलं ‘ड्रेस कोड : व्हाईट’ असंही लिहितात. कुठे ‘यावे’च्या जागी ‘यावेच’ येतं, आणि त्या एका ‘च’मुळे बरंच काही बदलतं.

मी ज्या वस्तीत काम करते तिथला गेल्या वर्षीचा प्रसंग. विहारात पौर्णिमेचा कार्यक्रम होता. चार घरची धुणीभांडी उरकून एक मावशी थेट विहारात आल्या. अंगावर हिरवी, फुलाफुलांची साडी. दारावर उभा असलेला आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, “मावशी, आज पांढरं सांगितलं होतं ना? फोटो काढायचेत, तुम्ही जरा मागे बसा.” मावशी मागे बसल्या नाहीत, घरी निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी भेटल्या तेव्हा एवढंच बोलल्या, “पांढरी एकच आहे गं ताई. ती सून लग्नाला घेऊन गेली.”

तो मुलगा वाईट नाही. रात्री जागून पताका लावणारा, रक्तदान शिबिरात सगळ्यांत पुढे असणारा आहे. पांढरे कपडे हा धम्माचा नियमच आहे, असं त्याला मनापासून वाटत होतं. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

शुभ्र वस्त्र आलं कुठून?

पालीत पांढऱ्याला ‘ओदात’ म्हणतात. घरात राहून धम्म आचरणाऱ्या उपासकांसाठी त्रिपिटकात ‘ओदातवसन’ म्हणजे पांढरी वस्त्रं नेसणारे, असा शब्द येतो. मज्झिम निकायातल्या महावच्छगोत्त सुत्तात वच्छगोत्त परिव्राजक भगवंतांना विचारतो की भिक्खू-भिक्खुणींखेरीज गृहस्थांपैकी कुणी या मार्गावर प्रगती केली आहे का. भगवंत सांगतात की असे उपासक-उपासिका पुष्कळ आहेत. त्यात ब्रह्मचर्य पाळणारे आहेत आणि संसार करणारेही आहेत. दोघांचाही उल्लेख पांढरी वस्त्रं नेसणारे असाच होतो.

म्हणजे ही ओळख भिक्खूच्या चीवराच्या जोडीने आली आहे. भिक्खूने चीवर रंगवायचं असतं. मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ या सहांपासून केलेल्या रंगांना विनयात परवानगी आहे. भिक्खूचं वस्त्र रंगवलेलं, तर गृहस्थाचं पांढरं. श्रीलंकेत आजही पोया दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, उपासक पांढरे कपडे घालून विहारात जातात. थायलंडमध्येही अष्टशील घेणाऱ्या स्त्रिया पांढरी वस्त्रं नेसतात. आपल्या पंचरंगी धम्मध्वजातला पांढरा पट्टाही ‘ओदात’च.

आपल्यासाठी पांढऱ्याचा अर्थ त्याहून मोठा

आपल्या समाजासाठी कपडा ही साधी गोष्ट कधीच नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं वापरावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असं सांगितलं आहे. हे पोथीपुरतं राहिलं नाही. मढ्यावरचं कापड हा गावगाड्यात महाराचा ‘हक्क’ समजला जात होता. कुणी काय नेसायचं, कुठपर्यंत नेसायचं, कोणत्या धातूचा दागिना घालायचा, हे जात ठरवत होती. रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या लुगड्यावरून आणि हातातल्या कड्यांवरून तिची जात कळावी, अशीच ती व्यवस्था होती.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले. अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने आणि लुगडं नेसण्याची पद्धत सोडा, असं त्यांनी सांगितलं. कपडा ठिगळाचा असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असावा, आणि काय नेसावं यावर कुणाचंही बंधन मानू नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ऐकणाऱ्या स्त्रियांनी लगेच लुगडं नेसण्याची पद्धत बदलली.

या पार्श्वभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर डोळ्यांसमोर आणा. बाबासाहेब पांढऱ्या वस्त्रांत होते आणि मैदानावर पांढऱ्या कपड्यांतला लाखोंचा समुदाय होता. ज्यांच्या वाट्याला मढ्यावरचं कापड होतं, ते आपल्या कष्टाच्या पैशातून घेतलेलं, स्वतः धुतलेलं स्वच्छ वस्त्र नेसून आले होते. जात सांगणारी खूण अंगावरून उतरली होती. आपल्या लग्नात वधू पांढरी साडी नेसते तेव्हा शेजारपाजारचे आजही विचारतात, “शुभकार्यात पांढरं कसं?” शुभ-अशुभ रंगांच्या कल्पना आपण नागपुरातच मागे ठेवल्या, हे त्याचं उत्तर आहे.

पण हा नियम आहे का?

पंचशीलात कपड्यांच्या रंगाचा उल्लेख नाही. अष्टशीलात माळा, सुगंध आणि अलंकारांपासून दूर राहायला सांगितलं आहे, तिथेही रंग नाही. बावीस प्रतिज्ञांमध्येही तो नाही. शुभ्र वस्त्र हा आपला सुंदर संकेत आहे, पण ते शील नाही. संकेत पाळला तर आनंद, नाही पाळता आला तर दोष नाही, हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

रंगांच्या ड्रेस कोडचा एक प्रसंग खुद्द महापरिनिब्बाण सुत्तात आहे. भगवान बुद्ध वैशालीत आम्रपालीच्या आमराईत मुक्कामाला होते. त्यांच्या भेटीला लिच्छवी निघाले ते रंगांचे गट करून. काही जण निळे, त्यांची वस्त्रं निळी, अलंकार निळे. काही पिवळे, काही तांबडे, काही पांढरे. भगवंतांनी त्यांना नावं ठेवली नाहीत. उलट ज्यांनी तावतिंस देव पाहिले नसतील त्यांनी या लिच्छवींकडे पाहावं, असं भिक्खूंना सांगितलं. पण दुसऱ्या दिवशीच्या भोजनाचं निमंत्रण आम्रपालीने आधीच दिलं होतं आणि भगवंतांनी ते स्वीकारलं होतं. तो मान आपल्याला मिळावा म्हणून लिच्छवींनी तिला एक लाखाची लालूच दाखवली, पण ती बधली नाही. भगवंतांनीही आपला शब्द बदलला नाही. एवढा थाट करून आलेले राजपुत्र मागे राहिले आणि एका गणिकेच्या घरी बुद्ध जेवले. रंगाला मनाई नाही, पण रंगावरून माणसाची जागा ठरत नाही, हे यापेक्षा सोप्या शब्दांत काय सांगणार?

मागे कोण राहतं?

‘पांढरंच’ म्हटलं की कोण गळतं, याची मी कामाच्या निमित्ताने मनात नोंद ठेवत आले आहे. कामावरून थेट येणाऱ्या घरकामगार, सफाई कामगार आणि नाक्यावरचे मजूर. पाळी सुरू असलेल्या मुली, कारण पांढऱ्यावर डाग पडेल या भीतीने त्या येतच नाहीत. विटाळ आपण मानत नाही, पण ड्रेस कोडमुळे त्या घरीच बसणार असतील तर फरक काय राहिला? इतर समाजांतून धम्माबद्दल कुतूहल घेऊन पहिल्यांदा येणारा माणूसही दारातच बिचकतो.

दुसरा प्रकार एकसारख्या साड्यांचा. जयंतीला महिला मंडळ सगळ्यांसाठी एकच साडी ठरवतं. रॅली फार छान दिसते. पण ज्या ताईला त्या महिन्यात सात-आठशे रुपये काढता येत नाहीत, ती ‘तब्येत बरी नाही’ म्हणते आणि पुढच्या बैठकीलाही येत नाही. ऑफिसात नवरात्रीचे नऊ रंग आले की आपल्या मुली तक्रार करतात, “त्या दिवशी तो रंग नाही घातला तर वेगळं पाडतात.” तेच आपण आपल्या विहारात करतोय का, हे आधी तपासू या.

मग करायचं काय?

आयोजकांनी पत्रिकेत ‘शक्य असल्यास शुभ्र, नाहीतर कोणतेही स्वच्छ वस्त्र’ असं स्पष्ट लिहावं. शेवटचे चार शब्द वाचवायला जाऊ नये.

विहारात दहा-वीस पांढऱ्या ओढण्या आणि उपरणी धुऊन ठेवावीत. ज्याला हवं त्याने घ्यावं, पण दारावर कुणी कुणाला देऊ नये. दिलं की ते पुन्हा बोट दाखवणंच होतं.

बसण्याची जागा आणि फोटोतली जागा कपड्यांवरून ठरवू नये. कार्यकर्त्यांच्या बैठकीत ही सूचना आधीच द्यावी.

एकसारखी साडी ठरवायचीच असेल तर तिची किंमत सर्वांत कमी कमावणाऱ्या सदस्याला विचारून ठरवावी. त्यापेक्षा एक निळी पट्टी किंवा बिल्ला पुरतो.

आणि आपण जाणाऱ्यांनी? पांढरं म्हणजे नवीन आणि महाग नव्हे. जुनी सुती साडी, वडिलांचा सदरा, शाळेचा पांढरा शर्टसुद्धा चालतो. पिवळट पडलं असेल तर शेवटच्या पाण्यात थोडी नीळ घाला. मोत्या-जरीचं डिझायनर पांढरं घालण्याआधी मात्र थोडा विचार करा. सगळे एका रंगात आले तरी श्रीमंती-गरिबी ठळक दिसत असेल, तर शुभ्र वस्त्रातली समता कुठे राहिली?

त्या मावशी पुढच्या पौर्णिमेला आल्या. तोच कार्यकर्ता त्यांच्या घरी बोलवायला गेला होता. साडी हिरवीच होती. वंदनेला त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आणि त्रिशरणाचा सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

येत्या कार्यक्रमाची पत्रिका तुमच्या हातून जाणार असेल, तर छापायच्या आधी ती ओळ एकदा वाचा. ‘च’ असेल तर काढून टाका.

जय भीम, नमो बुद्धाय.