नेट चालू, पण साइट उघडत नाही

वायफायच्या कांड्या पूर्ण, राउटरचा दिवा हिरवा, तरी पान उघडत नाही. चार वेळा रिफ्रेश केलं की उघडतं. अशा वेळी आपण वायरवर संशय घेतो. आधी डीएनएस पाहू. साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधणारी ही यंत्रणा १९८३ सालची. पत्ताच मिळाला नाही तर रस्ता मोकळा असून गाडी जाणार कुठे?

कमांड विंडोत पिंग ८.८.८.८ करा. उत्तर आलं म्हणजे लाइन ठीक. मग एनएसलुकअप देऊन दहा-वीस वेगवेगळी नावं विचारा. एकच नाव नको, राउटर जुनं उत्तर लक्षात ठेवतो. आणि हे बिघाड चालू असतानाच करायचं, बरं का. दुपारी सगळं सुरळीत दिसतं! आता नावापुढे ८.८.८.८ जोडून विचारा. इथे पटापट उत्तरं, तिथे 'टाइम आउट', तर दोष कंपनीच्या सर्व्हरचा किंवा आपल्याच राउटरचा. कारण पहिला प्रश्न बहुधा राउटरकडेच जातो. राउटरच्या स्टेटस पानावर कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता असतो. त्यालाही थेट विचारा. तोही अडखळला, तर राउटर सुटला.

उपाय म्हणून राउटरमध्ये १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा; दोन वेगळ्या कंपन्यांचे बरे. काही इंटरनेट कंपन्या पोर्ट ५३ वरचे प्रश्न वाटेतच वळवतात, तेव्हा बदलून फरक पडत नाही. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, ते प्रश्न कूटबद्ध जातात. कस्टमर केअरला मात्र 'नेट स्लो आहे' सांगू नका; वेळा आणि कुठला सर्व्हर गप्प बसला, ते सांगा.