वसतिगृहातील दुसरे कॉलेज

वसतिगृह म्हणजे राहण्याजेवण्याची सोय, एवढेच आपण समजतो. पण १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीला जेवत. हा धडा कोणत्या क्रमिक पुस्तकात होता, सांगा बरे! १९४७ साली साताऱ्यातच त्यांचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही ‘कमवा आणि शिका’ या सूत्रावर.

तुमच्याही शेजारच्या खोलीत गणित घेतलेला कुणी असेल, पलीकडे तबला वाजवणारा. खेड्यातून आलेला मुलगा मात्र पहिले वर्ष बुजण्यातच घालवतो. त्याने वादविवादाला नाव द्यावे, भित्तिपत्रकात चार ओळी लिहाव्यात. हसतील थोडे, हसू द्या. मंडळाचा चिटणीस नावे घ्यायला बहुधा मेसमध्येच येतो, तेव्हा जेवण उरकून लगेच खोलीकडे पळू नका.