वरातीमागून आलेले घोडे

उशिरा येणाऱ्याची आपण ‘वरातीमागून घोडे’ म्हणून थट्टा करतो. परंतु रणांगणावर उशिरा आलेले घोडे नेहमीच फुकट जाते काय?

दादरहून लोकलने तासाभरावर वसई आहे. तेथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. यशवंतराव होळकरांनी हडपसरला त्याचा पराभव केला होता. आणि त्याआधी, १८०१ साली, बाजीरावाने होळकरांचा भाऊ विठोजी याला पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. ही जखम ताजी होती. म्हणून १८०३ मध्ये शिंदे व भोसले इंग्रजांशी झुंजत असता होळकर माळव्यात स्वस्थ राहिले. असई झाली, अडगाव झाले, डिसेंबरात दोघांनीही तह केले.

आणि मग, एप्रिल १८०४ मध्ये, होळकरांचे युद्ध सुरू झाले! ऐन पावसाळ्यात त्यांनी मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पिटाळले. भरतपूरच्या जाट राजाने त्यांना आसरा दिला. त्या किल्ल्यावर लेकचे चार हल्ले फसले. पण आता सारी इंग्रजी ताकद एकट्या होळकरांवर मोकळी झाली होती. डीग व फर्रुखाबाद येथे त्यांचा मोड झाला.

तरीही ते येणे वाया गेले नाही. खर्चाने हैराण झालेल्या कंपनीने गव्हर्नर-जनरल वेलस्लीला माघारी बोलाविले. नोव्हेंबर १८०५ मध्ये शिंद्यांना ग्वाल्हेर व गोहद परत मिळाले. डिसेंबरात राजघाटच्या तहाने होळकरांचे राज्यही बहुतांशी वाचले. निकाल बदलला नाही. तहाच्या अटी मात्र बदलल्या.

वर्गात बखरींचा विषय निघाला, की गिरगाव-लालबागची मुले मला विचारतात, “सर, मग १९१७ साली उशिरा आलेल्या अमेरिकेने महायुद्ध कसे फिरविले?” मी सांगतो, अमेरिका आली तेव्हा इंग्लंड-फ्रान्स थकले होते खरे, पण उभे होते. होळकर आले तेव्हा शिंदे-भोसल्यांनी शस्त्रे खाली ठेवली होती.

यशवंतरावांचे दुःख खोटे नव्हते, आणि शौर्य तर नव्हतेच नव्हते. परंतु घरातले वैर शत्रूला सवड देते. इंग्रजांना तिघांशी एकदम लढावे लागले नाही, आधी दोघांशी आणि मग एकट्याशी लढावे लागले. आणि तेवढे त्यांना पुरले.