पिल्लू घरी आलं, आता पुढे काय?

पालकहो, हिवाळ्यात चामोर्शीच्या गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्लं दिसतात आणि एखादं मूल ते उचलून आणतंच. दोन महिन्यांपर्यंत पिल्लू आईजवळच बरं.

झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच परसातल्या ठरलेल्या जागी न्या. तिथं शी-शू झाली की लगेच शाबासकी आणि पोळीचा तुकडा. घरात झाली तर नाक त्यात घासायची जुनी रीत सोडा. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसादेखत करायची नाही. मग खाटेखाली लपून करतं!

साधारण 3 ते 14 आठवड्यांत ओळखीच्या झालेल्या गोष्टींची भीती पुढे कमी वाटते. सायकल, ट्रॅक्टर, बैल, मोळी घेतलेली बाई, सगळं कडेवर घेऊन लांबून दाखवा. खाताना, झोपताना मुलांनी हात लावायचा नाही. घाबरलेलं कुत्रंच जास्त चावतं.

तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या. चावलं, नख लागून ओरखडलं, तर ‘पिल्लूच तर आहे’ म्हणू नका. हळद-मिरची नको, वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. रेबीज झाल्यावर इलाज नाही.

रात्री पिल्लाला अंगणात बांधू नका. आपल्या जंगलपट्ट्यात बिबट्या कुत्र्यामागे दारापर्यंत येतो.